'सर, मिळवायचं का वजा करायचं?' : गोष्टीच्या पुस्तकातून गणित शिकवताना



तिसरी-चौथीला गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न ऐकलेला आहे. फळ्यावर ३४ + २८ लिहिलं, की मुलं हातचा घेऊन भराभर बेरीज करतात. ५२ – १७ दिलं तरी बऱ्याच जणांना जमतं. पण तीच बेरीज-वजाबाकी चार ओळींच्या शाब्दिक उदाहरणातून दिली, की पेन्सिल थांबते आणि मागच्या ओळीतून आवाज येतो, "सर, मिळवायचं का वजा करायचं?"

या प्रश्नावर एक तयार उत्तर शाळाशाळांतून चालत आलं आहे. 'एकूण' आलं की मिळवा, 'उरले' आलं की वजा करा. आता ही दोन उदाहरणं बघा.

• सीमाकडे काही बोरं होती. तिने ५ बोरं भावाला दिली. तिच्याकडे ८ बोरं उरली. तर तिच्याकडे आधी किती बोरं होती?
• दोन पाट्यांत मिळून एकूण १४ पेरू आहेत. एका पाटीत ६ आहेत. तर दुसऱ्या पाटीत किती?

पहिल्यात 'उरली' आहे, पण करायची आहे बेरीज. दुसऱ्यात 'एकूण' आहे, पण करायची आहे वजाबाकी. शब्द पकडून क्रिया ठरवणारं मूल दोन्हीकडे चुकणार. त्याला बेरीज येते, वजाबाकीही येते. बोरं कोणाकडून कोणाकडे गेली, हे मात्र त्याच्या डोळ्यांसमोर आलेलंच नाही.

या लेखात एवढंच सांगायचं आहे, की हे चित्र डोळ्यांसमोर आणायला गोष्टीच्या पुस्तकासारखं साधन नाही. आणि ते साधन आपल्या शाळेत आधीपासून आहे. ग्रंथपेटीत आहे, वाचन कोपऱ्यात आहे, काही ठिकाणी कपाटात कुलूपबंद आहे.

१) मूल नेमकं कुठे अडतं?

ऑस्ट्रेलियातल्या ॲन न्यूमन यांनी १९७७ मध्ये शाब्दिक उदाहरणांतल्या चुका तपासण्याची एक पद्धत मांडली. उदाहरण सोडवताना मूल पाच पायऱ्या चढतं, असं त्या पद्धतीत मानलं आहे. चुकलेल्या मुलाला शेजारी बसवून आपणही हे पाच प्रश्न विचारू शकतो.

१. हे उदाहरण मला वाचून दाखव. (वाचन)
२. यात काय घडलंय आणि काय विचारलंय, तुझ्या शब्दांत सांग. (आकलन)
३. उत्तर काढायला तू काय करशील? (क्रियेची निवड)
४. करून दाखव. (आकडेमोड)
५. आता उत्तर नीट सांग. (उत्तराची मांडणी)

आपल्या सरावाचा मोठा भाग चौथ्या पायरीवर जातो. उजळणी, हातच्याची बेरीज, पाढे, सगळं तिथलंच. 'मिळवायचं का वजा करायचं' म्हणणारं मूल मात्र दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर उभं असतं. त्याला आणखी पन्नास बेरजा दिल्या तर बेरीज पक्की होईल, पण अडचण आहे तिथेच राहील.

फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथल्या गणित-शिक्षणाच्या अभ्यासकांनी १९८० च्या सुमारास लहान मुलांना एक गमतीशीर प्रश्न दिला होता. एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? या प्रश्नाला उत्तरच नाही. तरीही बहुतेक मुलांनी दोन संख्यांची काहीतरी आकडेमोड करून वय सांगितलं. हा प्रयोग आपल्या वर्गात जरूर करून बघा. 'एका धनगराकडे २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर धनगराचं वय किती?' असं विचारा. किती जण '३६' म्हणतात आणि किती जण 'सर, असं कसं?' म्हणतात ते मोजा. ३६ म्हणणाऱ्या मुलांवर हसू नका. उदाहरण म्हणजे संख्या शोधायच्या आणि जोडायच्या, असं त्यांना सवयीने वाटू लागलं आहे. तेच मूल गोष्ट ऐकताना मात्र दर मिनिटाला 'पण का?', 'मग काय झालं?' विचारत असतं. गणिताच्या तासाला हवा आहे तो हाच स्वभाव.

२) ही रीत आपल्याकडे जुनीच आहे

गोष्टीतून गणित ही काही बाहेरून आलेली टूम नाही. भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ ११५० सालचा. त्यातला अंकगणिताचा भाग म्हणजे 'लीलावती'. लीलावती नावाच्या मुलीला उद्देशून त्यात उदाहरणं घातली आहेत, आणि त्या उदाहरणांत भुंगे आहेत, हंस आहेत, मोर आणि साप आहेत. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे.

त्यातलं भुंग्यांचं उदाहरण पाचवी-सहावीला आजही चालतं. आपल्या भाषेत सांगायचं तर असं: भुंग्यांच्या एका थव्यातला पाचवा भाग कदंबाकडे गेला. तिसरा भाग दुसऱ्या एका फुलझाडाकडे गेला. या दोन भागांत जेवढा फरक, त्याच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या झाडावर गेले. एक भुंगा मात्र सुगंधाने भुलून मधेच घिरट्या घालत राहिला. तर थव्यात भुंगे किती?

फळ्यावर तीन झाडं काढा आणि मुलांना अंदाज करू द्या. 'पाचवा भाग आणि तिसरा भाग दोन्ही पूर्ण निघतील अशी संख्या कोणती?' एवढीच मदत करा. मुलं १५ पाशी येतात. मग ताळा घ्या: ३, ५, फरक २, त्याची तिप्पट ६, आणि घिरट्या घालणारा १. बेरीज १५. तो एकटा राहिलेला भुंगाच या उदाहरणाची किल्ली आहे, आणि मुलांच्या लक्षातही तोच राहतो.

३) पुस्तक कसं निवडायचं?

'गणिताची गोष्ट' असं मुखपृष्ठावर लिहिलेलंच पुस्तक पाहिजे असं नाही. उलट, संख्या वरून चिकटवलेल्या गोष्टी मुलांना लगेच कळतात आणि कंटाळवाण्या वाटतात. निवडताना तीन गोष्टी बघा.

१. गणित काढून टाकलं तरी गोष्ट ऐकावीशी वाटते का?
२. गोष्टीत संख्या, आकार, माप किंवा वाटणी बदलली, तर पुढचं घडणं बदलतं का?
३. मधेच थांबून 'आता काय होईल?' असं विचारता येण्याजोगी जागा आहे का?

पुस्तकं कुठे मिळतील? शाळेची ग्रंथपेटी पहिली. दुसरं, बालभारतीचं भाषेचं पाठ्यपुस्तक. त्यातला पाठ गणिताच्या तासाला वापरायला कोणाची हरकत नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या २०१५ मध्ये सुरू झालेल्या व्यासपीठावर मराठी चित्रगोष्टी मोफत आहेत. त्या मोबाइलवर किंवा वर्गातल्या टीव्हीवर दाखवता येतात, छापूनही घेता येतात. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरही मराठी पुस्तकं विनामूल्य आहेत. आणि यातलं काहीच हाताशी नसेल, तर आजीच्या तोंडच्या गोष्टी आहेतच.

४) चार गोष्टी, चार पाठ

पाठ पहिला : सात शेपट्यांचा उंदीर (पहिली-दुसरी)

गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. उंदराला सात शेपट्या असतात, शाळेत मुलं चिडवतात, म्हणून तो रोज एकेक शेपटी कापून घेतो. शेवटी एकही उरत नाही आणि मुलं 'बिनशेपटीचा' म्हणून चिडवतात.

साहित्य : लोकरीचे किंवा सुतळीचे सात तुकडे, कागदी उंदीर.

पहिल्यांदा गोष्ट नुसती सांगा. दुसऱ्यांदा सांगताना प्रत्येक दिवशी एका मुलाने येऊन एक शेपटी काढायची. फळ्यावर दोन रकाने: 'कापलेल्या' आणि 'राहिलेल्या'. ० आणि ७, १ आणि ६, २ आणि ५, असं करत ७ आणि ० पर्यंत. रकाने भरले की विचारा, 'यात तुम्हाला काय दिसतं?' एक बाजू वाढते, दुसरी घटते, आणि दोन्ही मिळून दरवेळी सातच, हे मुलं स्वतः सांगतात. सातची फोड अशी आठ प्रकारे झाली. शिवाय शून्य म्हणजे काय, हे वेगळं समजवावं लागत नाही. उंदराची फजिती झाली ना, तेच शून्य.

पाठ दुसरा : बारा बिस्किटं आणि दारावरची बेल (तिसरी-चौथी)

पॅट हचिन्स यांचं 'द डोअरबेल रँग' हे इंग्रजी चित्रपुस्तक १९८६ चं. पुस्तक हाताशी नसलं तरी गोष्ट आपल्या शब्दांत सांगता येते. आईने १२ बिस्किटं केली. भाऊ-बहीण दोघंच, प्रत्येकाला ६. तेवढ्यात बेल वाजते आणि आणखी दोन मुलं येतात. आता चौघं. पुन्हा बेल, पुन्हा दोघं. सहा जण. पुन्हा बेल, यावेळी एकदम सहा. बारा मुलं, बारा बिस्किटं. आणि तोंडात घालणार तेवढ्यात परत बेल!

इथे पुस्तक मिटा. मुलांना विचारा, 'दार उघडायचं का?' वर्गात मोठा वाद होतो. कोणी म्हणतं आधी खाऊन टाकू. कोणी म्हणतं अर्धं-अर्धं करू. कोणी म्हणतं, 'सर, पण बाहेर किती जण आहेत ते आधी बघा ना.' हे तिसरं मूल खरं गणित करतंय, कारण उत्तर काढायला कोणती माहिती कमी आहे ते त्याला कळलं आहे. शेवटी दार उघडतं, तर बाहेर आजी, आणि तिच्याकडे आणखी बिस्किटं.

नंतर बारा खडे किंवा चिंचोके देऊन गटात वाटणी करायला लावा. तक्ता भरा: मुलं २, ४, ६, १२ आणि प्रत्येकाला ६, ३, २, १. मुलं दुप्पट झाली की वाटा निम्मा होतो, हे तक्त्यात दिसतं. मग विचारा, 'मुलं पाच आली असती तर?' प्रत्येकी दोन आणि उरलेली दोन. त्या दोन बिस्किटांचं काय करायचं, हे गटांना ठरवू द्या. बाकी आणि अपूर्णांक दोन्हीची सुरुवात तिथून होते.

पाठ तिसरा : दोन मांजरं आणि माकड (चौथी-पाचवी)

लोण्याचे दोन गोळे सारखे करून देतो म्हणून माकड तराजू घेऊन बसतं, जड पारड्यातलं लोणी खातं, मग दुसरं पारडं जड होतं, मग त्यातलं खातं. शेवटी मांजरांना काहीच उरत नाही.

एका बाजूला १४ आणि दुसऱ्या बाजूला १० फुटाणे ठेवा. एक मूल माकड होईल. त्याने किती खाल्ले आणि किती उरले याची नोंद दुसऱ्याने ठेवायची. हसून झालं की खरा प्रश्न विचारा: 'माकड प्रामाणिक असतं, तर एकही फुटाणा न खाता सारखे वाटे कसे केले असते?' बरीच मुलं आधी मोठ्या ढिगातले ४ काढतात. मग त्यांच्या लक्षात येतं की ते चार दोघांत वाटायचे आहेत. म्हणजे फक्त २ इकडून तिकडे द्यायचे. १२ आणि १२. पुढे १८ आणि १० द्या. फरकाचा निम्मा भाग हलवायचा, हा नियम मुलांना स्वतःला सापडू द्या. शेवटी १५ आणि १० द्या. फरक ५, निम्मे अडीच. फुटाणा फोडावा लागतो. 'अडीच' हा आपल्या आज्या-पणज्यांच्या अडीचकीतला शब्द इथे मुलाच्या हाताला लागतो.

पाठ चौथा : तहानलेला कावळा (चौथी ते सहावी)

प्लास्टिकची पारदर्शक बाटली घ्या, बाहेरून सेंटिमीटरची कागदी पट्टी चिकटवा. ठरावीक उंचीपर्यंत पाणी भरा. एकसारखे खडे गोळा करून पाच-पाच टाका आणि दरवेळी पाण्याची उंची लिहा. त्याचा स्तंभालेख काढा. 'पुढच्या पाच खड्यांनी किती वाढेल?' असा अंदाज आधी, मोजमाप नंतर.

आता पाणी अगदी तळाशी ठेवून पुन्हा करा. खडे पाण्याच्या वर येतात, पाणी फटींमध्येच राहतं, तोंडापर्यंत येतच नाही. म्हणजे गोष्टीतल्या कावळ्याच्या मडक्यात पाणी अगदीच थोडं नसणार! 'मग कमीत कमी किती पाणी लागेल?' हा प्रश्न मुलं घरी जाऊनही सोडत नाहीत. ब्रिटनमधल्या बर्ड आणि एमरी या संशोधकांनी २००९ मध्ये कावळ्याच्या जातकुळीतल्या 'रूक' पक्ष्यांवर असा प्रयोग केला होता. नळीतल्या पाण्यावर तरंगणारी अळी मिळवायला पक्ष्यांनी खरोखर दगड टाकले, आणि मोठे दगड आधी निवडले. हे मुलांना शेवटी सांगा, आधी नको.

मोठ्या वर्गांसाठी बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याची गोष्ट आहेच. पहिल्या घरात १, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४. दहाव्या घरात ५१२ दाणे होतात, विसाव्यात ५,२४,२८८. डेमी या लेखिकेच्या 'वन ग्रेन ऑफ राइस' (१९९७) या पुस्तकात हीच युक्ती गावातली एक मुलगी दुष्काळात कोठारं बंद ठेवणाऱ्या राजावर चालवते. रोज दुप्पट, असे ३० दिवस. एकूण दाणे १०७ कोटींहून जास्त होतात. दुष्काळ म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही, म्हणून ही गोष्ट इथे नीट पोचते.

५) तासिका कशी घ्यावी?

साधारण ४० मिनिटांत बसणारा क्रम असा:

• १० मिनिटं : गोष्ट वाचून दाखवणं. या वेळात गणिताचा एकही प्रश्न नाही.
• ५ मिनिटं : 'काय घडलं?' मुलांनी आपल्या शब्दांत सांगायचं. नगरी बोलीत सांगितलं तरी दुरुस्त करायचं नाही.
• १५ मिनिटं : वस्तू हाताळून तोच प्रसंग पुन्हा करणं, तक्ता भरणं.
• १० मिनिटं : प्रत्येक जोडीने गोष्टीवर एक प्रश्न तयार करून दुसऱ्या जोडीला देणं.

शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. जे मूल स्वतः उदाहरण रचतं, त्याला 'मिळवायचं का वजा करायचं' विचारावं लागत नाही, कारण बोरं कोणी कोणाला दिली हे त्यानेच ठरवलेलं असतं. सुरुवातीला मुलं सोपे किंवा वेडेवाकडे प्रश्न करतील. एखाद्या प्रश्नाला उत्तरच निघणार नाही. तो प्रश्न वाया गेला असं समजू नका. 'यात काय कमी आहे?' हे वर्गाने मिळून शोधायचं.

दोन गोष्टी टाळाव्यात. एक, गोष्ट संपताच वहीत दहा उदाहरणं देऊ नका. पुढच्या वेळी मुलं गोष्टीकडेही संशयाने बघतील. दोन, प्रत्येक गोष्टीतून गणित काढू नका. काही पुस्तकं फक्त वाचायची असतात. आठवड्यातून एक तास पुरे, आणि आनंददायी शनिवारी तो सहज बसतो.

५ जुलै २०२१ पासून सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर वाचन आणि संख्याज्ञान दोन्ही साधायचं आहे. आपण वेळापत्रकात त्यांचे दोन वेगळे तास करतो. वरच्या तासिकेत दोन्हीची नोंद एकदमच होते.

६) पुस्तक ही वस्तूसुद्धा गणित शिकवते

पानांचे क्रमांक घ्या. पुस्तक कुठेही उघडा, डावीकडे सम आणि उजवीकडे विषम संख्या असते, दोन्हींची बेरीज नेहमी विषम येते. का? मुलांना शोधू द्या.

ए-फोर आकाराचे दोन कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडा, आठ पानांची पुस्तिका होते. १ ते ८ क्रमांक घाला आणि मग कागद सुटे करा. एकाच बाजूला ८ आणि १, २ आणि ७, ६ आणि ३, ४ आणि ५ असे शेजारी दिसतात. बेरीज दरवेळी ९. सोळा पानांच्या पुस्तिकेत ती किती येईल, याचा अंदाज करायला सांगा. (१७ येते.)

पान शोधण्याचा खेळही चांगला. 'पान त्रेसष्ट उघडा' म्हटलं की काही मुलं ३६ उघडतात. यात मुलांचा दोष नाही. मराठीत 'त्रेसष्ट' बोलताना तीन आधी येतो आणि लिहिताना सहा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस दोन' अशी संख्या वाचण्याची पद्धत आली, तेव्हा मोठा वाद झाला. त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्ष असलेल्या डॉ. मंगला नारळीकर यांनी हीच अडचण मांडली होती. त्या पद्धतीबद्दल आपलं मत काहीही असो, अडचण खरी आहे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे शब्द तर 'एक कमी' असं सांगतात. रोज पाच पानं शोधायचा खेळ महिनाभर घेतला, तर हा गोंधळ उजळणी न घोकता बराच कमी होतो.

आणि मुलांचं स्वतःचं पुस्तक करा. 'आमच्या गावाचं आकड्यांचं पुस्तक.' १ म्हणजे वेशीवरचा मारुती, २ म्हणजे बैलजोडी, ७ म्हणजे आठवडे बाजाराचा फेरा, १४ म्हणजे आपल्या जिल्ह्यातले तालुके, आणि शेवटच्या पानावर १६४६, म्हणजे अकोले तालुक्याच्या हद्दीवरच्या कळसूबाईची मीटरमधली उंची. बाकीची पानं गावात फिरून मुलांनी भरायची. असं एक पुस्तक ग्रंथपेटीत गेलं, की पुढच्या वर्षीची मुलं तेच आधी उचलतात.

७) दिवाळीनंतर जाणाऱ्या मुलांसाठी

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या शिक्षकांना हा भाग वेगळा सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास पालक ऊसतोडीला निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ राहतात, काही सोबत जातात. सोबत गेलेल्या मुलाचा भागाकार, अपूर्णांक, मापन हे सगळं मधेच सुटतं. परत आल्यावर ते मूल वर्गात गप्प बसू लागतं, आणि पुढच्या एखाद्या वर्षी परत येतच नाही.

या मुलाला गणित येत नाही असं समजू नका. त्याच्या घरात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. अर्धा म्हणजे काय हे त्याला आपल्या पुस्तकाआधी कळलेलं आहे. मोळ्या मोजणं, टनाचा भाव, उचल किती फिटली, हे त्याच्या कानावर रोज पडतं. या ज्ञानाला वर्गात जागा द्या, पण वर्गासमोर त्याच्या घरचा हिशोब मात्र विचारू नका.

जाताना शिक्षण हमी कार्डासोबत दोन गोष्टीची पुस्तकं आणि एक कोरी वही द्या. वहीच्या पहिल्या पानावर पाचच कामं लिहा.

१. ही गोष्ट लहान भावंडाला वाचून दाखव. किती वेळा वाचलीस, तेवढ्या रेघा ओढ.
२. गोष्टीत जिथे मोजता येईल असं काही आहे, ते मोजून लिही.
३. गोष्टीवर एक बेरजेचा आणि एक वजाबाकीचा प्रश्न तयार कर.
४. गोष्टीतल्यासारखी वाटणी तुझ्या कोपीवर कधी होते? चित्र काढ.
५. तुझी स्वतःची आकड्यांची गोष्ट लिही.

पुस्तक फाटेल, हरवेल, ही भीती रास्त आहे. पण कपाटात नवंकोरं राहिलेलं पुस्तक शेवटी निर्लेखनाच्या यादीतच जातं. ते मुलाच्या पिशवीत फाटलं तर त्याचं काम झालं. मूल परत आलं की ती वही वर्गात वाचून दाखवा. पाच महिने बाहेर राहिलेलं मूल त्या दिवशी वर्गाला काहीतरी देणारं मूल असतं.

८) पालकांसाठी थोडंसं

पालकहो, तुम्हाला गणित यायलाच हवं असं नाही. रोज रात्री दहा मिनिटं मुलाकडून गोष्ट वाचून घ्या. स्वतःला वाचता येत नसेल तर ऐका. मधेच एक प्रश्न विचारा: 'आता किती राहिले असतील रे?' उत्तर चुकलं तर लगेच बरोबर उत्तर सांगू नका. 'तुला असं का वाटलं?' एवढंच विचारा. घरात आजी-आजोबा असतील तर शेर, पायली, मण यांच्या गोष्टी निघू द्या. चाळीस शेरांचा मण कसा मोजायचे, पावकी-निमकी कशी म्हणायचे, हे त्यांच्याइतकं चांगलं कोणी सांगणार नाही.

या आठवड्यात एकच करून बघा. ग्रंथपेटीतलं एक पुस्तक गणिताच्या तासाला घेऊन जा. खडू खाली ठेवा, गोष्ट वाचा, आणि शेवटी मुलांना सांगा, 'आता यावर प्रश्न तुम्ही काढायचा.' पहिल्या दिवशी थोडा गोंधळ होईल. होऊ द्या. महिनाभराने तेच जुनं शाब्दिक उदाहरण पुन्हा फळ्यावर लिहा आणि मागच्या ओळीतून कोणता प्रश्न येतो, ते कान देऊन ऐका.